‘छान आहे’ म्हणून झाल्यावर: वाचलेल्या पुस्तकाबद्दल चारचौघांत कसं बोलायचं

साताऱ्यातल्या आमच्या पुस्तक-भिशीत बारा माणसं आहेत. दरमहा ३०० रुपये, दुसऱ्या रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बैठक, आणि चिठ्ठी निघेल त्याला ३,६०० रुपयांची पुस्तकं. रोख हातात मिळत नाही, पुस्तकंच घ्यायची, सुरुवातीला एवढा एकच कडक नियम. पहिलं वर्षभर पुस्तकं भरपूर आली, बोलणं मात्र जेमतेम. ‘छान आहे’, ‘वाचनीय आहे’, ‘एकदा वाचाच’. पंधरा मिनिटांत पुस्तकं उरकायची, मग कंदी पेढे, चहा आणि नगरपालिकेचं राजकारण.

ही कोंडी फोडली आमच्यातल्या एसटी वाहकानं. एका काकूंनी कुठल्याशा कादंबरीला ‘छान’ म्हटलं, तर हा म्हणाला, “काकू, छान म्हणजे कसं ते सांगा. माझी मुक्कामी गाडी असते. रात्री नऊला गावात पोचतो, पहाटे साडेपाचला गाडी काढायची. मला झोप आणणारं पुस्तक पाहिजे, उडवणारं नको.” काकू क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “मग हे नको नेऊस बाबा. मी दोन रात्री जागले.”

कुठल्याही पुस्तकाबद्दल वर्षभरात झालेलं हे पहिलं कामाचं बोलणं.

मी कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो. गिऱ्हाईक ‘चांगली साडी दाखवा’ म्हणालं की आमचे शेठ आधी विचारतात: कुणासाठी, कुठल्या कार्याला, नेसणाऱ्या बाई रोज साडी नेसतात की सणासुदीला? तोवर गठ्ठ्याला हात लावत नाहीत. पुस्तकाच्या बाबतीत आपण हे विसरतो. आपलं मत ठोकून देतो, पण ते देणारा माणूस कसा वाचणारा आहे हे समोरच्याला ठाऊकच नसतं. आवड वेगळी आणि मत वेगळं. आवड आधी सांगितली असेल तर ऐकणारा आपल्या मतातून ती वजा करतो आणि उरेल ते स्वतःच्या कामाला लावतो. ‘ह्याला लढाया आवडत नाहीत आणि तरी हा म्हणतोय की पुस्तक चांगलं, म्हणजे दुसरं काहीतरी आहे त्यात.’ ही वजाबाकी करता आली की मग मतं पटोत न पटोत, उपयोगी पडतात. खाली लिहिलंय ते सगळं ह्या वजाबाकीसाठी. तुमचा गट घरच्या ओसरीवर जमत असो की फक्त व्हॉट्सॲपवर, रीत तीच.

पहिलं काम: दहा पुस्तकांची यादी

वहीचं मागचं पान उघडा. गेल्या दोनेक वर्षांत हातात घेतलेली दहा पुस्तकं लिहा, पुरी केलेली आणि अर्धवट टाकलेली, दोन्ही. आठवत नसेल तर वाचनालयाच्या देवघेव विभागात विचारा. तुमच्या नावावर काय काय गेलं त्याची नोंद तिथे असते आणि ती आपल्या आठवणीपेक्षा प्रामाणिक असते. वाचायला हवी होती पण वाचली नाहीत, ती लिहू नका. कपाटात दिसतात म्हणूनही लिहू नका.

प्रत्येकापुढे तीनच गोष्टी टिपा. किती दिवसांत संपलं. सोडलं असेल तर कुठल्या पानावर. आणि परत कधी उघडलं का. बस्स. चांगलं-वाईट, दहापैकी गुण, तारे, काही नको.

माझीच यादी सांगतो. माझी समजूत अशी की मला ऐतिहासिक कादंबऱ्या आवडतात. आवडायलाच हव्यात ना? खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक ह्याच गावात झाला, लहानपणापासून कानावर तेच. यादी केली तेव्हा दहात चार ऐतिहासिक कादंबऱ्या निघाल्या आणि त्यातल्या तीन मी पहिल्या शंभर पानांत सोडलेल्या, तीनही वेळा लढाई तोंडावर आली असताना. उलट जुन्या पत्रांचा एक रुक्ष खंड मी आठ दिवसांत संपवला होता आणि एका निवृत्त न्यायाधीशांच्या आठवणी दोनदा वाचल्या होत्या. म्हणजे मला तलवारी नकोत, कागद हवेत. कुणी कुणाला काय लिहिलं, किती रुपये मागितले, बाकी किती राहिली. बायको म्हणाली, “हे मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.”

यादीतून ‘प्रकार’ शोधायला जाऊ नका. कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन ही वाचनालयाच्या कपाटांवरची लेबलं झाली. आवड बहुतेक वेळा कपाटं ओलांडून जाते. सांगणारा माणूस ‘मी’ म्हणून बोलतो की दुरून सांगतो. वाक्यं लांब की तुटक. गोष्ट एकाच गावात घडते की फिरती आहे. बोलीतले संवाद असले की तुमचा वेग वाढतो की कमी होतो. शेवटी सगळं जुळून आलं पाहिजे की मोकळं सोडलेलं चालतं. आमच्यातल्या एका गुरुजींची दहाही पुस्तकं वेगवेगळ्या कपाटांतली होती. नीट बघितल्यावर कळलं, प्रत्येकात एखादा माणूस एखादी कला किंवा काम शिकतो. सुतारकाम, गाणं, शस्त्रक्रिया, काहीही. गुरुजी पस्तीस वर्षं शिकवत होते, आवड मात्र शिकण्याची निघाली.

यादी फारच एकसुरी निघाली तर भिलारला जा. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना लागणारं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ ला ‘पुस्तकांचं गाव’ झालं, वेल्समधल्या हे-ऑन-वाय ह्या पुस्तकांसाठी नावाजलेल्या गावावरून कल्पना घेऊन. घराघरांत पुस्तकं मांडली आहेत आणि साहित्यप्रकारानुसार घरं वाटलेली आहेत: कुठे कविता, कुठे चरित्रं, कुठे विनोदी, कुठे बालसाहित्य. आम्ही काय केलं, प्रत्येकानं आपण कधीच वाचत नाही अशा प्रकाराचं घर निवडायचं आणि तिथे बसून एका पुस्तकाची तीस पानं वाचायची. पासरणी घाटातून उतरताना गाडीत प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं. मी बालसाहित्यात बसलो होतो. तीस पानांत पुस्तकच संपलं, ही माझी अडचण. पण मोठ्यांच्या पुस्तकांत मला काय जड जातं ते त्या दिवशी उमगलं: पात्रांची गर्दी. आता मी कुणी पुस्तक सुचवलं की विचारतो, ‘माणसं किती आहेत?’ लोक हसतात, पण सांगतात.

चार ओळींत आपली ओळख

यादीवरून आता चार ओळी लिहा आणि गटात सगळ्यांसमोर ठेवा. बहुतेकांचा पहिला प्रयत्न असा असतो: ‘मला वाचनाची लहानपणापासून आवड आहे. सर्व प्रकारचं साहित्य वाचतो. विशेषतः दर्जेदार लेखन भावतं.’ ह्यातून काहीच वजा करता येत नाही. लग्नाच्या परिचयपत्रात शोभेल फार तर.

आमच्या गटातल्या परिचारिका ताईंनी लिहिलेलं तिच्या परवानगीनं देतो:

‘रात्रपाळी असते, म्हणून वीस मिनिटांत संपतील अशी प्रकरणं हवीत. दवाखान्यातलं मरण वाचवत नाही, बाकी कुठलंही दुःख चालतं. बोलीतले संवाद मोठ्यानं वाचायला आवडतात, घरात मुलं हसतात. कविता वाचून कळत नाही, ऐकून कळते.’

चारच ओळी. पण तिला काय द्यावं, काय देऊ नये आणि कविता द्यायची तर कशी, हे बाराही जणांना कळलं. दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. काय चालत नाही, हे लिहिलंच पाहिजे. आवडीच्या यादीत माणूस थोडा नटतो. नावडीत नटायला जागा नसते. दर वर्षी चिठ्ठ्यांची फेरी पुरी झाली की आम्ही ही ओळख नव्यानं लिहितो. ताईंची दुसरी ओळ गेल्या वर्षी गेली. का, ते कुणी विचारलं नाही.

वाचताना काय टिपायचं

फार नाही. पुस्तक स्वतःचं असेल तर समासात पेन्सिलीची उभी रेघ. वाचनालयाचं असेल तर कागदाची चिठ्ठी, तिच्यावर पान क्रमांक आणि चार-पाच शब्द. एसटीचं तिकीट खूण म्हणून ठेवू नका असं आमचा वाहकच सांगतो. यंत्रातलं ते तिकीट काही महिन्यांत कोरं होतं आणि त्यावर पेन्सिलही नीट उमटत नाही.

टिपायचं ते मनात काही हललं तिथे: हसू आलं, राग आला, मागचं पान उलटून पुन्हा बघावंसं वाटलं, डुलकी आली. डुलकीसुद्धा टिपा. शेवटी आठ-दहा खुणा झाल्या की पुरे. प्रत्येक पानावर रेघा मारणारे आमचे एक मित्र आहेत. बैठकीत ते सांगायला लागले की पुस्तकाचं पारायणच होतं.

मत मांडणं, एक नमुना घेऊन

इथे जरा थांबतो, कारण गाडी इथेच अडते.

समजा पुस्तक आहे ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, आणि कादंबरीतला माणदेश आमच्या साताऱ्याच्या माण तालुक्यापासून तिकडे आटपाडीपर्यंत पसरलेला. त्यामुळे ह्या भागातल्या कुठल्याही गटात हे पुस्तक एकदा तरी येतंच. मी त्यावर लिहिलेला पहिला मसुदा असा होता:

‘अप्रतिम कादंबरी. ग्रामीण जीवनाचं हुबेहूब चित्रण. लेखकाची शैली ओघवती आहे. प्रत्येकानं वाचावी.’

आता ह्यातलं पुस्तकाचं नाव काढा आणि दुसऱ्या कुठल्याही ग्रामीण कादंबरीचं घाला. एक अक्षर बदलावं लागत नाही. म्हणजे हा मजकूर पुस्तक न वाचताही लिहिता आला असता. ही कसोटी प्रत्येक मताला लावून बघा. माझ्या जुन्या वहीतली निम्मी मतं तिथेच गळाली.

दुसरा मसुदा असा झाला:

‘१९५५ ची छोटी कादंबरी. दुसऱ्यांदा वाचली. कॉलेजात असताना कंटाळलो होतो, कारण पुढे काय होतं ह्याची वाट बघत राहिलो. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला जातो, एवढी गोष्ट. प्रसंगामागून प्रसंग येतात, गाठ मारलेलं कथानक नाही. ह्या वेळी घाई नव्हती. मास्तर आपल्याला सांगतो ते प्रमाण मराठीत आणि वाडीतली माणसं बोलतात ती त्यांच्या बोलीत. दोन्हींच्या मधल्या फटीत मला मास्तरचं परकेपण ऐकू आलं. खटकलं ते असं की बायका मास्तरच्या नजरेच्या टप्प्यात येतात तेवढ्याच दिसतात, चुलीजवळचं जग बाहेरच राहतं. मला गोष्टीची ओढ लागते, तरी हे वाचवलं. ज्यांना संध्याकाळी ओट्यावर बसून माणसं बघायला आवडतं, त्यांनी जरूर घ्यावं.’

नव्वदच्या आसपास शब्द आहेत. पुस्तक कोणत्या जातीचं, मी कधी आणि कशा मनःस्थितीत वाचलं, एक गोष्ट जमली ती नेमकी कशानं, एक खटकली ती कुठे, माझी आवड काय, आणि कुणी घ्यावं. हा क्रम पाळलाच पाहिजे असं नाही. पण ‘कशानं’ आणि ‘कुठे’ ही दोन उत्तरं नसतील तर मत अजून पिकलेलं नाही, चार दिवस आढीत ठेवा.

हे बैठकीत वाचल्यावर म्हसवडकडच्या आमच्या एक सभासद बोलल्या. त्यांचे आईवडील १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून साताऱ्यात आले. त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणता, कथानक नाही. आमच्याकडं पाऊस येतो का बघत बसणं हेच घडणं असतं, भाऊ. माझ्या वडलांना विचारा, त्या वर्षी काय झालं. ते म्हणतील, वाट बघितली.” माझं मत त्यानं चुकीचं ठरलं नाही. ते कुठून आलं होतं तेवढं उघडं पडलं: आठवड्याच्या पाण्याची वेळ चुकली तर नगरपालिकेला शिव्या घालणाऱ्या माणसाचं ते मत होतं. वहीत मी माझ्या मजकुराखाली त्यांचं वाक्य लिहून ठेवलंय. दोन्ही एकत्र वाचावीत.

शेवट फोडू नका

जुनं पुस्तक असलं तरी कुणीतरी ते पहिल्यांदाच वाचणार असतं. आमचा ठोकताळा: पहिल्या पाव भागातलं काहीही सांगा, त्यापुढचं विचारून. व्हॉट्सॲपवर लांब मजकूर आपोआप ‘अधिक वाचा’खाली जातो, त्याचा फायदा घ्या; शेवटाबद्दल लिहायचं असेल तर आधी सांगून टाका आणि मग बऱ्याच रिकाम्या ओळी सोडा. रहस्यकथेबद्दल तर ‘शेवट अनपेक्षित आहे’ एवढं म्हणणंही गुन्हा आहे. माणूस पहिल्या पानापासून अनपेक्षिताची अपेक्षा करत बसतो.

पुस्तक सुचवताना

कुणी ‘काहीतरी सुचवा’ म्हणालं की आपल्या अंगात येतं आणि आपण दहा नावं फेकतो. त्यातलं एकही वाचलं जात नाही. एकच सुचवा. त्याआधी शेठसारखे प्रश्न विचारा: शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कोणतं, शेवटचं सोडलेलं कोणतं, आणि सध्या दिवसातून किती वेळ मिळतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘झोपण्याआधी दहा मिनिटं’ असेल तर सहाशे पानांचा ठोकळा कितीही थोर असला तरी हातात देऊ नका.

ग्रंथालयशास्त्रातले शि. रा. रंगनाथन यांचे पाच नियम १९३१ मध्ये पुस्तकरूपानं आले. त्यातले तीन आम्ही भिशीच्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालांसाठी लिहिलेले हे नियम सुचवणाऱ्याला जास्त लागू पडतात. ह्या तीनांतला दुसरा विशेष करून. तुम्हाला न आवडलेलं पुस्तकही कुणाचं तरी असतं, आणि तुमच्या चार ओळी व इतरांच्या चार ओळी समोर असतील तर ते कुणाचं हे सापडतं. मी शंभर पानांत सोडलेल्या त्या तीन लढायांच्या कादंबऱ्या गुरुजींच्या नातवानं दिवाळीच्या सुट्टीत फस्त केल्या.

सुचवताना सोडण्याची परवानगीही द्या. ‘पन्नास पानांत नाही जमलं तर परत कर, मला वाईट वाटणार नाही.’ हे तोंडानं म्हणावं लागतं. नाहीतर पुस्तक सहा महिने त्यांच्या टीव्हीच्या टेबलावर पडून राहतं आणि भेट झाली की दोघंही हवापाण्यावर बोलतात.

वाद झाला तर

होणारच. ‘तुम्हाला कळलं नाही’ हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. त्याऐवजी ‘कुठल्या पानावर?’ असं विचारायचं. गंमत अशी की हा प्रश्न विचारला की निम्मे वाद तिथेच विरघळतात, कारण समोरच्यानं ते पुस्तक वाचलेलंच नसतं, कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. उरलेल्या निम्म्यांत दोघंही पुस्तक उघडतात आणि पान शोधता शोधता आवाज खाली येतो.

साताऱ्यात खरी ठिणगी पडते ती ऐतिहासिक कादंबरीवर. इथे इतिहास घरातला विषय, पूर्वजांचं नाव कुठे ना कुठे आलेलं. कादंबरीतला प्रसंग माणूस घडलेली गोष्ट म्हणून सांगतो आणि दुसऱ्याच्या मस्तकात तिडीक जाते. आमचा तोडगा साधा आहे: ‘कादंबरीत असं आहे’ आणि ‘असं घडलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यासाठी पान दाखवा. दुसऱ्यासाठी कादंबरी चालत नाही, कागद आणा. त्या काळातलं पत्र असेल तर त्याचं वजन जास्त. बखर असेल तर ती कधी लिहिली ते आधी बघायचं, कारण पुष्कळ बखरी घटनेनंतर फार उशिरा लिहिल्या गेल्या. प्राथमिक माहितीसाठी मराठी विश्वकोश आहेच. त्याचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी आपल्याच वाईत उभं केलं आणि आता तो मोबाइलवरही उघडतो. पुढच्या बैठकीत कागद आला तर वाद पुढे चालू, नाही आला तर विषय बंद. आजवर तीनदा कागद आला. एकदा तो माझ्या विरुद्ध गेला.

व्हॉट्सॲपवर वाद पेटला तर रात्री उत्तर लिहायचं, सकाळी पाठवायचं. बहुतेक वेळा सकाळी ते पाठवावंसं वाटत नाही.

लेखक गावातलाच असेल तर

ह्याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. मोठ्या शहरात पुस्तकावर काय हवं ते बोला, लेखक कुठे भेटतो? साताऱ्यात तो मंगळवार तळ्यावर संध्याकाळी फिरायला येतो. सांगलीतही हेच असणार. स्वखर्चानं छापलेला कवितासंग्रह तो सही करून हातात ठेवतो आणि म्हणतो, “निवांत वाचा, अभिप्राय कळवा.”

दुसऱ्या वर्षी मी असाच एक संग्रह वाचून गटावर लिहिलं, ‘यमकं जुळवण्यापलीकडे ह्यात काही नाही.’ बारा माणसांचा गट, मला वाटलं घरातलंच बोलणं. पण त्यातल्या एकानं ते पुढे पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी कवी दुकानात आला. भांडला नाही. लेकीच्या लग्नासाठी शालू बघायचाय म्हणाला, अर्धा तास बघितला आणि न घेता गेला. शेठनी मला काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

माझं मत आजही बदललेलं नाही. पण सांगण्याची रीत चुकली होती, आणि मुख्य म्हणजे ते मत आळशी होतं. संग्रहात ऐंशीच्या वर कविता होत्या आणि मी एकीचंही नाव घेतलं नव्हतं. तेव्हापासून माझी पद्धत अशी: ओळखीच्या माणसाचं पुस्तक असेल तर आधी त्याच्याशी समोरासमोर बोलायचं, गटात मागाहून. सगळ्या पुस्तकावर निकाल द्यायचा नाही; एक कविता किंवा एक प्रकरण निवडायचं आणि तिथे काय जमलं, काय नाही, ते ओळीवर बोट ठेवून सांगायचं. एकही ओळ जमलेली सापडली नाही तर अभिप्राय द्यायचा नाही. “वाचला, पण मला त्यावर बोलता येणार नाही,” एवढं म्हणायचं. समजणाऱ्याला समजतं. खोटी स्तुती मात्र करायची नाही, कारण ती मलपृष्ठावर छापून येते आणि मग तुमच्या चार ओळींच्या ओळखीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि गटातलं बोलणं विचारल्याशिवाय बाहेर पाठवायचं नाही. हा आमचा दुसरा कडक नियम, माझ्यामुळे झालेला.

पीडीएफ आणि देवघेव वही

गट वाढला की कुणीतरी नव्या पुस्तकाची पीडीएफ टाकतं. लगेच काढायला सांगा. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क लेखकाचे, मग वारसांचे. समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत करायला १९५७ चा कॉपीराइट कायदा मोकळीक देतो, अख्खं पुस्तक वाटायला देत नाही. मुदत संपलेली जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर खुशाल वाचा.

छापील पुस्तकांसाठी एक वही ठेवा. भिशीतलं पुस्तक चिठ्ठी निघालेल्याच्या मालकीचं, पण पहिलं वर्षभर ते गटात फिरतं. आमच्या सांगलीहून येणाऱ्या सभासदानं २०१९ च्या पुरात तिथल्या नगर वाचनालयातली भिजून गेलेली पुस्तकं पाहिली आहेत. तो नोंदींबाबत आमच्यापेक्षा काटेकोर, म्हणून वही त्याच्याकडे. पुस्तकाचं नाव, मालक, कुणाकडे गेलं, कधी गेलं, कधी परत आलं. शेवटचा रकाना आम्ही दुसऱ्या वर्षी वाढवला: ‘कुठल्या पानावर सोडलं आणि का’. पुरं वाचलं असेल तर रेघ.

हा रकाना आता सगळे आधी बघतात, पुस्तक मागाहून. माझ्या पत्रांच्या खंडापुढे चार जणांच्या नोंदी आहेत. गुरुजींची रेघ. काकूंचं ‘पान १२, चष्मा बदलायचाय’. म्हसवडच्या ताईंचं ‘पान ९०, सगळी पत्रं पुरुषांचीच’. आणि त्याखाली वाहकाच्या गिचमिड अक्षरात: ‘पान ४१. रोज दोन पानं. झोप उत्तम. दुसरा खंड आहे का?’